वाडीवर पाणी

सातव्या प्रश्नाखाली एकच ओळ होती. निळ्या बॉलपेननं लिहिलेली, उजवीकडे घसरत गेलेली. "वाडीवर पाणी सोडावं." फॉर्मवर नाव घालायचं नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. तिचा तो पोट सुटलेला 'ळ' नसलेल्या ओळीतही माझ्या आत्याचं अक्षर मला ओळखू येतं, कारण शाळेत असताना दर नाताळाला तिचं पोस्टकार्ड यायचं आणि घरात ते मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे असायचं. आत्या फ्रान्सिस्कन सिस्टर आहे, म्हणजे इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या परंपरेतली. आमच्या घरात तिला 'आत्या-सिस्टर' म्हणतात, जणू ते एकच नातं आहे. तिच्या संस्थेचा चॅप्टर, म्हणजे प्रतिनिधींची मोठी सभा, जवळ आला होता. पुढच्या सहा वर्षांत संस्थेनं कशाला महत्त्व द्यायचं ते ठरवायचं होतं. प्रत्येक मठातल्या प्रत्येक सिस्टरकडून फॉर्म भरून घेतले होते. तरुण सिस्टर्सनी इंग्रजीत लिहिलं होतं, म्हाताऱ्यांनी मराठीत. झारखंड, ओडिशा, मंगळूरकडच्या प्रतिनिधींना कळावं म्हणून मराठी उत्तरं इंग्रजीत करून द्याल का, असा मला फोन आला. कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

सातवा प्रश्न होता, "पुढच्या सहा वर्षांत आपण काय सोडायला हवं?" बाकीच्या प्रश्नांना पानंच्या पानं भरली होती. काय सुरू करावं, हे सांगायला सगळ्या उत्सुक. स्थलांतरितांच्या मुलांसाठी बालवाडी, समुपदेशन केंद्र, सोलर पॅनेल, यूट्यूब चॅनेल. सातव्याखाली मात्र बहुतेकींनी जागा कोरी ठेवली होती. कुणी "आळस" लिहिला होता, कुणी "कुरकुर", एकीनं "रात्रीचा टीव्ही" लिहून तो खोडला होता. आणि आत्याची ती ओळ, मठाच्या केळी-नारळाच्या वाडीबद्दलची. मी एका दमात भाषांतर केलं. आपण वाडीचा त्याग करावा, असं सरळ इंग्रजीत लिहिलं आणि 'रिनाउन्स' हा भारदस्त शब्द सापडला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. पाणी सोडणं म्हणजे हक्क सोडणं, हे का कुणी मराठी माणसाला सांगायला हवं?

चॅप्टरच्या दुसऱ्या दिवशी आम्हा काही बाहेरच्या लोकांनाही बोलावलं होतं. मोठं सभागृह, पंख्यांची घरघर, समोर सान दामियानोच्या क्रुसाची मोठी प्रत, तिच्या शेजारी प्रोजेक्टरचा पडदा. भिंतीवर तक्ते लावलेले आणि प्रत्येक सिस्टरच्या हातात पाच रंगीत टिकल्या. जे महत्त्वाचं वाटेल त्यावर टिकली चिकटवायची. कमरेच्या दोरीला तीन गाठी, दारिद्र्याची, ब्रह्मचर्याची, आज्ञापालनाची, आणि बोटाच्या टोकावर हिरवी टिकली. मला ते दृश्य गंमतीचं वाटलं आणि थोडं हलवूनही गेलं. मग पडद्यावर निवडक उत्तरं आली. माझं वाक्य मोठ्या अक्षरांत आलं. खाली लिहिलं होतं, 'एक ज्येष्ठ सिस्टर'. सभागृह शांत झालं. ज्या वाडीचा भाव गुंठ्यावर सांगतात, जिच्यासाठी बिल्डर मिठाईचे खोके घेऊन मठाच्या पार्लरमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, येऊन बसतात, ती वाडी सोडा असं एक म्हातारी सिस्टर म्हणते आहे! कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सत्र चालवणारे फादर म्हणाले की हाच खरा फ्रान्सिसचा आवाज आहे. मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी रिक्षानं घरी परतताना वसईतल्या निर्मळच्या पुढे एका वाडीशी ट्रॅफिक तुंबला. आत मोटर चालू होती. केळींच्या आळ्यांतून पाणी चकाकत होतं आणि ओल्या मातीचा वास थेट रिक्षात आला. रिक्षावाला सहज म्हणाला, "पाणी सोडलंय वाडीवर."

मी जागच्या जागी गोठले.

आमच्याकडे 'शेतावर', तसं 'वाडीवर'. लहानपणी हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. आजी उठताबसता म्हणायची, जा, वाडीवर पाणी सोड. त्यात त्याग नव्हता, हक्क नव्हता. पंपाचा खटका दाबायचा, पाट मोकळा करायचा, पायाच्या बोटांत चिखल जायचा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं एप्रिल महिन्यात फॉर्म भरताना खिडकीतून सुकलेली केळ पाहिली असेल आणि प्रश्नातलं 'सोडायला' वाचून हातातून हे वाक्य उतरलं असेल. किंवा नसेल. किंवा तिला दोन्ही म्हणायचं असेल. पण मी विचारलं नव्हतं. आणि आता ते वाक्य इंग्रजीत गेलं होतं, अहवालात गेलं होतं, त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

लहानपणी 'आत्या चॅप्टरला गेलीय' हे ऐकून मला वाटायचं की तिला कुठला तरी धडा येत नसावा. फार नंतर कळलं की तसं मानणं अगदीच चूक नव्हतं. जुन्या मठांत रोज सगळे एकत्र जमून नियमाचं एक प्रकरण वाचायचे, म्हणून त्या बैठकीलाच चॅप्टर नाव पडलं. फ्रान्सिसच्या काळात हे चॅप्टर असिसीच्या खाली, पोर्तिउंकुलाच्या मैदानात भरायचे. इतके ब्रदर यायचे की चटयांच्या झोपड्या उभाराव्या लागायच्या, आणि 1221 चा चॅप्टर तर 'चटयांचा चॅप्टर' म्हणूनच ओळखला जातो. टिकल्या नव्हत्या, तक्ते नव्हते. जर्मनीला कोण जाणार, असं विचारलं गेलं आणि नव्वदेक जण उठून एका बाजूला झाले. जर्मनीची धास्ती होती, कारण दोन वर्षांपूर्वी तिथे गेलेले ब्रदर मार खाऊन परतले होते. का मार खाल्ला? भाषेपायी. त्यांना जर्मन येत नव्हतं. भूक लागली आहे का, राहायला जागा हवी का, असं कुणी विचारलं की ते 'या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो', म्हणायचे आणि जेवण मिळायचं. शब्द चांगला चालतोय असं पाहून त्यांनी सगळ्यालाच 'या' म्हणायचं ठरवलं. मग कुणी विचारलं, तुम्ही पाखंडी आहात का? तेव्हाही 'या'. पुढचं सांगायला नको. हे सगळं जॉर्डन नावाच्या ब्रदरनं लिहून ठेवलं. त्या 1221 च्या चॅप्टरमध्ये तो गंमत म्हणून त्या नव्वद जणांची नावं विचारायला गेला होता. हे हुतात्मे होणारच, मग पुढे आपल्याला सांगता येईल की हा माझ्या ओळखीचा, तो माझ्या ओळखीचा. त्यातल्या एकानं त्याचा हात धरला आणि म्हणाला, तूही आमच्यातलाच, चल. जॉर्डनला जर्मनीला जावं लागलं आणि त्याची हयात तिकडेच गेली.

पुढच्या सहा वर्षांची दिशा अशीही ठरते.

त्या रात्री मला झोप लागली नाही तेव्हा सान दामियानोची गोष्ट आठवत राहिली. आमच्याकडे ती कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात सगळ्यांना शिकवतात. साधारण 1205 च्या सुमाराला पडक्या देवळातल्या क्रुसावरचा ख्रिस्त तरुण फ्रान्सिसला म्हणतो की माझं घर मोडकळीला आलंय, ते दुरुस्त कर. फ्रान्सिस काय करतो? बापाच्या दुकानातलं कापड विकतो, घोडाही विकतो, आणि पैसे घेऊन येतो. तिथला म्हातारा धर्मगुरू ते घ्यायला घाबरतो. मग हा गावात दगड मागत फिरतो, खांद्यावर वाहून आणतो, भिंती रचतो. प्रवचनात फादर लोक नेहमी सांगतात की बिचाऱ्याला आधी कळलंच नाही, 'घर' म्हणजे अख्खी ख्रिस्तसभा होती. मला पहिल्यांदाच वाटलं की थांबा जरा. त्याला जे कळलं ते चूक कसं? पडकं घर समोर होतं, दगड गावात होते, खांदा त्याचा होता. मोठा अर्थ लागायचा तेव्हा लागला, आधी चुना कालवून झाला होता. मी नेमकं उलटं केलं होतं. आत्यानं कदाचित दगडाबद्दल लिहिलं होतं आणि मी त्याची ख्रिस्तसभा करून टाकली.

आत्या 1960 च्या आसपास मठात गेली, एकोणिसाव्या वर्षी. त्या काळी आमच्या भागात ज्या घरात चार-पाच मुली, त्या घरातली एक मठात, हे जवळपास ठरलेलंच. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. शिकलेल्या सिस्टर्स शाळेत आणि दवाखान्यात गेल्या, न शिकलेल्या स्वयंपाकघरात आणि वाडीत. ह्याबद्दल तिच्या तोंडून तक्रार ऐकली नाही, पण मला ते कायम डाचत आलंय. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया हाही धर्मगुरू नव्हता, साधा ब्रदर होता. फ्रान्सिस्कन म्हणून जपानला नेलं गेलं ते त्याला जपानी येत होतं म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या दरबारात फिलिपाइन्सहून गेलेल्या फ्रान्सिस्कनांचा तो दुभाषी होता. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत तो होता. गासच्या चर्चमध्ये त्याच्या सणाला आम्ही दरवर्षी जातो, मुलांना सांगतो की पाहा, आपल्या मातीतला संत. तो दुभाषी होता ही बाब मी आजवर निव्वळ माहिती म्हणून सांगत आले. ह्या वर्षी त्या मूर्तीपुढे उभी राहिले तर मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडून जाताना, आपल्याला दोन अर्थ दिसत असताना, समोर तलवार घेतलेली माणसं असताना, तू कुठला अर्थ उचलत होतास?

आत्याकडे वाडीचं काम पस्तीसेक वर्षं होतं, मध्ये काही वर्षं दुसऱ्या मठात काढून पुन्हा तेच. राजेळी केळी, नारळ, जास्वंदी, कुंपणालगत पानवेल, मागे बावखल, म्हणजे पाण्याचं तळं. सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे जायचो. मठाच्या पार्लरमध्ये बसायची शिस्त होती, पण ती आम्हाला मागच्या दारानं वाडीवर न्यायची. तपकिरी झगा ती कमरेला खोचायची, पायात काही नाही, नखांत माती. सुकेळी वाळत घातलेल्या मांडवाखाली गोड, किंचित आंबूस वास कोंडलेला असायचा. रहाट तेव्हाच मोडीत निघाला होता, पण त्याचं लाकूड विहिरीपाशी पडून होतं आणि त्यावर बसून ती आमच्याबरोबर शेंगा खायची. प्रार्थनेची घंटा झाली की हात धुऊन, झगा सोडून, एकदम दुसरीच बाई होऊन चालायला लागायची. मला त्या क्षणी तिची थोडी भीती वाटायची.

आता त्या वाडीच्या तिन्ही बाजूंना सात-सात मजली इमारती आहेत. गच्चीवरून बघितलं तर मठाची वाडी हिरव्या चौकोनी रुमालासारखी दिसत असेल. भिंतीपलीकडच्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाआड टँकर येतो. 'सूर्याचं पाणी' आलं तरी पुरत नाही. (वसईत सूर्य पाणी देतो, धरणाच्या नावामुळे. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणाऱ्या फ्रान्सिसला ही भाषा आवडली असती.) टँकरवाल्यांनी उपसून उपसून कित्येक विहिरी मचूळ झाल्या, मठाची विहीर अजून गोडी राखून आहे. म्हणजे वाडी सोडावी का, हा प्रश्न काही आत्याच्या ओळीतून आकाशातून पडलेला नाही. आठ सिस्टर्स, त्यातल्या पाच सत्तरीपुढच्या, आणि एवढी जमीन. वसईतून मुली येत नाहीत. येतात त्या झारखंड-ओडिशातल्या गुमला, सुंदरगडकडून, आणि त्यांना केळीची लागवड नवी. चॅप्टरमध्ये एक तरुण सिस्टर उठून म्हणाली की आपण दारिद्र्याचं व्रत घेतो आणि आपल्याकडे कोट्यवधींची माती आहे. तिचं म्हणणं मला पटलं. मग दुसरी म्हणाली, ही माती विकली तर तिथे मॉल उभा राहील आणि पैसे आपण बँकेत ठेवू, त्यानं आपण गरीब होणार आहोत का? तेही पटलं.

फ्रान्सिसनं स्वतः इमारतींशी उभा दावा मांडला होता. चॅप्टरला येणाऱ्या ब्रदरांची सोय व्हावी म्हणून असिसीच्या लोकांनी पोर्तिउंकुलाला एक पक्कं घर बांधलं, तो नसताना. परत येऊन पाहतो तर हे. तो छपरावर चढला आणि कौलं काढून खाली फेकू लागला, इतरांनाही वर बोलावलं. शेवटी गावचे शिपाई म्हणाले, महाराज, हे घर तुमचं नाही, नगराचं आहे. तेव्हा कुठे तो खाली उतरला. माझं नसेल तर मी हात लावणार नाही! मला ह्या गोष्टीतलं हे टोक फार आवडतं. त्याच माणसाच्या नावानं आलेल्या फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकात आमच्याकडे काय केलं ते पाहायला वसईच्या किल्ल्यात जावं. संत अंतोनीच्या त्यांच्या चर्चच्या भिंती अजून उंच आहेत. फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांचे दगड, त्यांवर कोरलेली चिन्हं, पावसाळ्यात शेवाळानं हिरवीगार. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी त्यांनी चर्च करून वापरली, वरच्या टेकडीवर मठ बांधला. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळलं. कौलं फेकणाऱ्याची लेकरं जमीनदार झाली होती. मी त्याच परंपरेतून ख्रिस्ती आहे, तेव्हा हे लिहिताना हात थोडा अडखळतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पुढे काळानं, पावसानं, पिंपळाच्या मुळांनी छप्परं काढली. मठाच्या सहली तिथे जातात. आत्या एकदा त्या थडग्यांवर न बसता उभ्यानंच डबा खात होती, ते मला आठवतं. म्हणाली, "बसायला जागा कुठाय, सगळीकडे मोठी माणसं झोपलीयत."

त्याच्याही आधी, 1321 मध्ये, चार फ्रान्सिस्कन ठाण्याला मारले गेले. ते चीनला निघाले होते. वादळानं जहाज इकडे ढकललं. ठाणे त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हतं.

आत्ताच्या चॅप्टरची यादी मात्र तयार झाली. पाच प्राधान्यं. चौथं होतं, 'जमिनीबाबत विवेक'. त्यासाठी तीन सिस्टर्सची समिती नेमली गेली, आणि माझं वाक्य, म्हणजे आत्याचं वाक्य, म्हणजे कुणाचं ते देव जाणे, त्या कलमाच्या डोक्यावर अवतरणचिन्हांत छापलं गेलं. समितीच्या सिस्टर वकिलाला भेटून आल्या. जमीन ट्रस्टच्या नावावर आहे, तिचं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. असिसीच्या बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हातात देणाऱ्या फ्रान्सिसला कुणाचीच परवानगी लागली नव्हती. इथे त्यागालाही आधी ठराव, मग मूल्यांकन, मग अर्ज.

मे महिन्यात मी एकदाची गेले. दुपारी चारच्या सुमारास. पार्लरमधल्या सिस्टरनं मागे बोट दाखवलं. आत्या मोटरच्या शेडच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. समोर गुमलाची एक लहानखुरी सिस्टर फावडं घेऊन पाटात उभी, आणि आत्या तिला हिंदी-मराठीच्या खिचडीत सूचना देत होती. ती पोर हसत होती. मी बाजूच्या दगडावर बसले. शेंगा आणल्या होत्या.

"आत्या, तो फॉर्म आठवतो का? सातव्या प्रश्नाला तू काय लिहिलं होतंस?"

"कुठला फॉर्म?"

मी सांगितलं. ती शेंग फोडत ऐकत होती. म्हणाली, "पाणी सोडायलाच सांगितलं असेल. उन्हाळ्यात आणखी काय सांगणार?" मग थोड्या वेळानं, "तू काय लिहिलंस?"

तेही सांगितलं. ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. डोळे पुसले. मग बराच वेळ केळींकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते लहानपणीचं, घंटेनंतरचं काहीतरी आलं. "टाळ्या वाजवल्या म्हणतेस?"

"हो."

"हं." शेंगेचं टरफल तिनं पदराच्या टोकाखाली सरकवलं. आता ती पांढऱ्या साडीत असते. "सोडायची झाली तरी कोरडी कशी सोडणार, बाय? घेणाऱ्याला काय देणार, मेलेली झाडं?"

मी विचारलं, समितीला पत्र लिहून खरं काय ते कळवू का? तिनं उत्तर दिलं नाही. तिचं लक्ष पाटाकडे होतं. गुमलाची सिस्टर फावडं टाकून फोन घ्यायला मठाकडे गेली होती आणि टोकाचं आळं भरून पाणी भिंतीच्या दिशेनं वाहू लागलं होतं. "अगो, बघतेस काय, वळव ते!" मी चपला काढल्या. फावडं मला नीट पेलेना, म्हणून वाकून दोन्ही हातांनी चिखल ओढून पाट अडवला. पाणी हातांवरून दोनदा उसळलं, गार होतं, मग शेजारच्या आळ्यात शिरलं. आत्या खुर्चीवरून ओरडून सांगत होती की अजून थोडी माती, डावीकडे, डावीकडे.